‘सर्वानुमते मंजूर’ लिहिण्याआधी

सप्टेंबर महिना सोसायट्यांचा. गणपती जाऊन मांडवाचे बांबू अजून गेटपाशी पडलेले असतात, तोवर नोटीस बोर्डावर कागद लागतो. वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी १० वाजता, सोसायटीच्या आवारात. खाली आणखी एक ओळ असते: कोरमअभावी (म्हणजे लागते तेवढी किमान हजेरी नसल्याने) सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी साडेदहा वाजता घेण्यात येईल व तिला कोरमची अट राहणार नाही. ही ओळ वाचून वाचून लोक इतके तयार झालेत की बहुतेक मेंबर साडेदहालाच खाली उतरतात. दहा वाजता असतात ते चेअरमन, सेक्रेटरी, खुर्च्या मांडणारा वॉचमन आणि एखादे वेळेच्या बाबतीत हट्टी असलेले निवृत्त काका.

आमच्या सोसायटीच्या अशाच एका सभेत विषय क्रमांक ७ होता: ‘इमारत दुरुस्ती उपसमितीच्या शिफारशींवर विचार करून निर्णय घेणे.’ त्या तिघांच्या उपसमितीत मी होतो. दुरुस्तीबद्दल आम्ही बरंच शिकलो होतो, पण शिफारस सभेपुढे कशी मांडायची आणि तिचा ठराव कसा होतो, यातलं फार थोडं मला माहीत होतं. त्या सकाळी आणि नंतर वह्या-पुस्तकं चाळून जे कळलं, ते इथे सांगतो. बरंचसं महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना लागू आहे. मंडळं, वाचनालयं, ज्ञातिसंस्था यांची चौकट वेगळी असते; तिथे संस्थेची स्वतःची नोंदलेली घटना काय म्हणते ते आधी पाहायचं.

सुरुवात अगदी साध्या प्रश्नापासून. कमिटी निवडून दिली आहे ना, मग ती ठरवेल की. सभेपुढे यायचंच कशाला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याच्या ७२ व्या कलमात म्हटलंय की संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे. कमिटी रोजचा कारभार पाहते आणि तोही सभेने आखून दिलेल्या मर्यादेत. दुरुस्तीच्या खर्चापुरती ही मर्यादा आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, चक्क रुपयांत दिली आहे. २५ पर्यंत सदस्य असतील तर २५ हजार, २६ ते ५० असतील तर ५० हजार, त्याच्या वर १ लाख. एवढं सभेला न विचारता करता येतं. आमचे फ्लॅट ४२. म्हणजे कमिटीच्या हातात ५० हजार आणि आमच्या गच्चीचा नि बाहेरच्या प्लास्टरचा अंदाज होता २७ लाखांचा.

तेव्हा उपसमितीने जे केलं त्याला कायद्याच्या नजरेत फक्त मताची किंमत. तीन ठेकेदारांना बोलावलं, कोटेशनं घेतली, एकाच्या जुन्या कामावर जाऊन गच्ची पाहून आलो, हे सगळं खरं. पण आमचा अहवाल आधी कमिटीकडे गेला. कमिटीला तो पटला नसता तर तिने स्वतःचा शेरा मारून तो पुढे पाठवला असता, किंवा परत आमच्याकडे. कमिटीने ‘योग्य आहे’ म्हटलं तरी तीही शिफारसच. तिचा ठराव होतो सभेत, हात वर झाल्यावर.

आता नोटीस. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची, विशेष सभेला ५ पूर्ण दिवसांची. ‘पूर्ण’ हा शब्द उगाच नाही. नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही वगळून मोजायचे. सभा २८ सप्टेंबरला असेल तर नोटीस १३ तारखेपर्यंत हातात पडली पाहिजे. १४ ते २७ हे झाले १४ दिवस. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा उरकायची असते, म्हणून ही सगळी धावपळ एकाच महिन्यात येते.

विषयपत्रिकेवर विषय कोणत्या शब्दांत लिहिलाय, याकडे मात्र बारकाईने पाहावं. ‘दुरुस्तीबाबत चर्चा करणे’ आणि ‘शिफारशींवर विचार करून निर्णय घेणे’ यांत फरक आहे. पहिल्यात लोक चर्चेच्या तयारीने येतात, किंवा येतच नाहीत. अशा विषयाखाली २७ लाखांचा ठराव करून टाकला तर पुढे कोणीही म्हणू शकतं की मला कल्पनाच नव्हती, आणि त्याचं म्हणणं चूक नसेल. विशेष सभेत तर नोटिशीत लिहिलेल्या विषयाबाहेर काही घेताच येत नाही. वार्षिक सभेत शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतो खरा, पण ज्याला रीतसर सूचना लागते असा विषय त्या दारातून आत आणायचा नसतो. कुंड्या कुठे ठेवायच्या, वॉचमनला छत्री द्यायची का, यासाठी ते दार ठीक आहे.

आमची नोटीस बरोबर होती. चुकलो तो मी.

चेअरमननी ‘उपसमितीने अहवाल मांडावा’ म्हटल्यावर मी उभा राहिलो आणि ११ पानं वाचायला घेतली. पहिल्या पानावर इमारतीचा इतिहास. दुसऱ्यावर पाझर कुठे कुठे आहे. चौथ्या पानावर केमिकल कोटिंगचे प्रकार सुरू झाले तेव्हा मागच्या दोन रांगांत मोबाइल निघाले. पाचव्या पानावर बी विंगमधले बँकेतून निवृत्त झालेले काका उठले आणि म्हणाले, “अहो, ते सगळं चांगलंच असणार. पण आम्ही हात नेमका कशासाठी वर करायचा, ते एका वाक्यात सांगा ना.”

मला एका वाक्यात सांगता येईना. कारण अहवाल लिहिताना आम्ही ठरावाचा मसुदा लिहिलाच नव्हता. अहवालाच्या शेवटी ‘तरी सभेने योग्य तो निर्णय घ्यावा’ अशी नम्र ओळ होती, आणि सगळा घोळ तिच्यात होता.

शिफारस मांडण्याची सोयीची पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. अहवाल चार दिवस आधी घरोघर द्यायचा, किंवा निदान बोर्डावर लावायचा. सभेत आधी ठरावाचं वाक्य वाचायचं, मग दोन-चार मिनिटांत कारणं सांगायची: काय पाहिलं, काय नाकारलं, का नाकारलं. बाकीचं सगळं लोकांचे प्रश्न आपोआप बाहेर काढतात. स्वस्तातलं कोटेशन का टाकलं, हा प्रश्न तर येणारच; त्याचं उत्तर तयार नसेल तर संशयाला पाय फुटतात. आणि उपसमितीतल्या किंवा कमिटीतल्या कोणाचं ठेकेदाराशी नातं-व्यवहार काही असेल, तर ते आधीच सांगून त्या माणसाने बाजूला व्हायचं. पदाधिकाऱ्याचा सोसायटीच्या कंत्राटात हितसंबंध नसावा, असं उपविधीच सांगतात.

शेवटी सेक्रेटरींनीच तिथल्या तिथे कागदावर लिहून वाचलं: ‘असे ठरले की, गच्ची व बाहेरील प्लास्टरचे काम चालू वर्षी करावे, ते उपसमितीने सुचवलेल्या ठेकेदारास २७ लाख रुपयांत द्यावे, ही रक्कम सदस्यांकडून चौरस फुटाच्या प्रमाणात तीन हप्त्यांत घ्यावी, आणि करारावर सही करण्याचे अधिकार कमिटीस द्यावेत.’ काकांनी मान हलवली. आता हात कशासाठी वर करायचा ते कळलं.

इथे एक फसवा शब्द येतो: ‘अहवाल स्वीकारण्यात आला.’ सभेच्या इतिवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या लेखी नोंदीत, तो सर्रास दिसतो. त्याचा अर्थ अहवाल मिळाला, वाचला, फाइलला लावला असाही होतो, आणि त्यातल्या सगळ्या शिफारशी आम्हाला मान्य आहेत असाही. दोघांच्या भांडणात दोघेही तोच कागद दाखवतात. पहिलंच म्हणायचं असेल तर ‘सभेने अहवालाची नोंद घेतली’ असं लिहावं. दुसरं म्हणायचं असेल तर कोणती शिफारस, किती रक्कम, कोणाला अधिकार, हे ठरावातच उतरवावं.

मग येतात सूचक आणि अनुमोदक, म्हणजे ठराव मांडणारा आणि त्याला दुजोरा देणारा. आपल्याकडे या दोन नावांशिवाय ठराव पुरा वाटत नाही. सेक्रेटरी वहीत आधीच ‘सूचक: श्री. ...... अनुमोदक: सौ. ......’ अशा रिकाम्या जागा सोडतात. अमेरिकेत सभाशास्त्राचं जे पुस्तक अजून प्रमाण मानतात ते हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये छापलं. त्यात एक मजेदार नियम आहे. एकाहून जास्त माणसांच्या समितीने शिफारस आणली असेल तर तिला अनुमोदक लागत नाही. कारण अनुमोदन म्हणजे ‘निदान दोघांना तरी हा विषय चर्चेला यावासा वाटतो’ एवढाच पुरावा, आणि तो समितीने आधीच दिलेला असतो. आपण तरीही नाव लिहितो. त्यात वाईट काही नाही, फक्त अनुमोदक म्हणजे मत नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. दोन नावं लिहून झाली म्हणून ठराव पास झाला, असं समजून पुढच्या विषयाला जाणारे चेअरमन मी पाहिले आहेत.

आमच्या ठरावात खरं तर चार ठराव होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते हेरलं. “काम करायचं याला माझी ना नाही. पण ठेकेदार मला पसंत नाही. मग मी हात वर करू की खाली ठेवू?” प्रश्न अगदी रास्त होता. अशा वेळी शिफारशीचे तुकडे करून एकेका तुकड्यावर मत घ्यावं. गठ्ठ्याने मत घेतलं की दोन गोष्टी होतात: एका तुकड्यावर नाराज असलेला माणूस सगळंच पाडतो, किंवा नकोसा तुकडा चांगल्याच्या पाठीवर बसून पास होतो. चेअरमननी तुकडे केले. काम चालू वर्षी करण्यावर कोणाचाच विरोध नव्हता, ते अर्ध्या मिनिटात झालं.

वर्गणीच्या तुकड्यावर उपसूचना आली, म्हणजे ठरावात दुरुस्ती सुचवणारी सूचना. सहाशे फुटांच्या फ्लॅटमधले एक गृहस्थ म्हणाले, गच्ची सगळ्यांची, तर वर्गणीही सगळ्यांना सारखी. आकडे मांडले तर वाद कुठून येतो ते दिसतं. आमच्याकडे ४५० फुटांचे १८ फ्लॅट आणि ६०० फुटांचे २४, एकूण साडेबावीस हजार चौरस फूट. फुटाला १२० रुपये पडत होते. छोट्या फ्लॅटला ५४ हजार, मोठ्याला ७२ हजार. सारखी वाटली तर प्रत्येकी ६४ हजार २८६. मोठ्या फ्लॅटवाल्यांचे साडेसात हजारांवर वाचत होते आणि छोट्यांना दहा हजारांहून जास्त बसत होते. मोठे २४, छोटे १८. मत घेतलं असतं तर निकाल काय लागला असता, ते सांगायला नको.

सेक्रेटरींनी उपविधींची पुस्तिका उघडली. मोठ्या दुरुस्तीचा निधी क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्यायचा, असं तिथे लिहिलंय. लिफ्टचा खर्च मात्र सर्वांना सारखा, वापरा किंवा न वापरा. म्हणजे ‘सगळं सारखं’ किंवा ‘सगळं फुटावर’ असं एकच तत्त्व नाही; बाब पाहून ठरतं. चेअरमननी उपसूचना मताला टाकलीच नाही. काही जण चिडले: बहुमत असताना अध्यक्ष कोण अडवणारे? पण उपविधी बदलायचा असेल तर त्याची वाट वेगळी आहे. १४ दिवसांची सूचना, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती आणि मग सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे नोंदणी. साध्या ठरावाने उपविधी वाकत नाही.

सभेचं बहुमत कुठे थांबतं, याचं आणखी ठळक उदाहरण म्हणजे बिनभोगवटा शुल्क. फ्लॅट भाड्याने दिला की मालकावर जास्तीची आकारणी करावी, हे बाकीच्या सगळ्यांना मनापासून पटतं आणि सभेत हात पटापट वर होतात. शासनाने १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याहून जास्त आकारणारा ठराव एकमताने झाला तरी टिकत नाही.

दुसरी उपसूचना मात्र कामाची होती. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता गच्चीवर पाणी साठवून चाचणी घेतल्यावरच द्यावा. ही कशी घ्यायची? आधी फक्त उपसूचनेवर मत. ती मंजूर झाली की मूळ ठरावाच्या वाक्यात ती घालायची. मग दुरुस्त झालेल्या त्या अख्ख्या वाक्यावर पुन्हा मत. लोक इथे वैतागतात, ‘दोनदा कशाला?’ म्हणतात. पण चाचणीची अट आवडली म्हणजे ठेकेदार आवडला असं होत नाही. काकूंनी पहिल्यांदा हात वर केला, दुसऱ्यांदा नाही.

मोजणी. हजर २३. सदस्य ४२ असताना कोरम किती? एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी तो. दोन तृतीयांश होतात २८, म्हणून २० पुरेत. ठेकेदाराच्या तुकड्यावर सेक्रेटरींनी हात मोजले: बाजूने १३, विरोधात ९. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, पहिल्या मजल्यावरच्या काकांचा हात धरू नका. फ्लॅट काकूंच्या नावावर, काकू लेकीकडे पुण्याला. काका सोसायटीत ३० वर्षं राहतायत, कमिटीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनी लहानाचं मोठं होताना पाहिलंय, पण मतदार नाहीत. सदस्याने स्वतः हजर राहून मत द्यायचं, दुसऱ्याकरवी नाही, असा कायद्याचा नियम. फ्लॅट दोघांच्या नावावर असता तर भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिलं नाव असलेल्याला मत, तो हजर नसेल तर दुसऱ्याला. काका रीतसर सहयोगी सदस्य (मूळ सदस्याच्या जोडीला नोंदलेले) असते आणि काकूंची लेखी संमती असती, तरी चाललं असतं. यातलं काहीच नव्हतं. काकांनी हात खाली घेतला, आणि नंतर चहाच्या वेळी त्यांनी सहयोगी सदस्यत्वाचा फॉर्म मागितला.

बाजूने १२, विरोधात ९, तटस्थ १. हजर राहून मत देणाऱ्यांचं साधं बहुमत लागतं. तटस्थ माणूस मोजणीत येत नाही. अकरा-अकरा झालं असतं तर अध्यक्षांचं निर्णायक मत. तशी वेळ आली नाही. ठराव पास. ४२ घरांचे २७ लाख कोणाच्या हाती द्यायचे ते बारा जणांनी ठरवलं, आणि ते कायदेशीर आहे. जे १९ जण घरी होते त्यांच्यापैकी काहींनी सोमवारी सकाळी लिफ्टपाशी फार मुद्देसूद भाषणं केली.

पुनर्विकासाचा विषय असता तर हे चाललं नसतं. तिथे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांनी माप बदललंय. विशेष सभेला एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत आणि बाजूने हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या ५१ टक्के मतं हवीत. आमच्या हिशोबाने हजर २८ आणि बाजूने किमान २२. त्याआधीच्या, २००९ च्या निर्देशांत तीन चतुर्थांश लागत होते. म्हणून कोणी ‘बहुमताने पास’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारावा: कोणाच्या बहुमताने, हजरांच्या की सगळ्यांच्या? तिथे घरी बसलेला माणूस तटस्थ राहत नाही, त्याची गैरहजेरी विरोधाच्या पारड्यात पडते.

हरलेल्या नऊंनी पुढच्याच महिन्यात विशेष सभा मागायचं ठरवलं. एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर ती बोलवावी लागते. ४२ मध्ये नऊ म्हणजे भरतात बरोबर. पण आधीचा ठराव रद्द होईल असा ठराव सहा महिने आणता येत नाही. नाहीतर दर महिन्याला त्या महिन्यात जो गट जास्त आला त्याचा ठेकेदार आला असता.

दोन-अडीच महिन्यांनी इतिवृत्ताचा कच्चा मसुदा घरोघर आला. विषय ७ खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘उपसमितीचा अहवाल स्वीकारण्यात आला. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खोटं लिहावं असा सेक्रेटरींचा हेतू नव्हता. ती त्यांच्या हाताची सवय. आधीच्या १५ वर्षांच्या वह्या उघडा, प्रत्येक ठराव सर्वानुमतेच आहे, अगदी ज्या सभेत खुर्ची फेकली गेली तिथेही. ‘सर्वानुमते’ म्हणजे कोणीही विरोध केला नाही. ‘बहुमताने’ म्हणजे विरोध होता आणि तो कमी पडला. विरोध करणाऱ्याला नंतर निबंधकाकडे किंवा सहकार न्यायालयात जायचं असेल, तर त्याचा नकार वहीत असणं हा त्याचा पहिला पुरावा. आणि जिंकलेल्यांनाही याचा फायदाच: १२ विरुद्ध ९ असं लिहिलेलं असलं की ‘मोजलंच नव्हतं’ असं कोणी म्हणू शकत नाही.

मसुद्यावर हरकत घ्यायला मुदत असते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अर्ध्या पानाचं पत्र दिलं, पोच म्हणून सही-शिक्का घेतला. मीही एक दिलं, चाचणीची अट मसुद्यातून गळली होती म्हणून.

पुढच्या सप्टेंबरात विषय क्रमांक १ होता, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. एकाने लगेच ठेकेदाराचा विषय पुन्हा काढला. चेअरमननी थांबवलं: इतिवृत्त कायम करताना झालेला निर्णय चांगला की वाईट हे बघायचं नसतं, जे झालं ते बरोबर लिहिलंय का एवढंच. सेक्रेटरींनी दुरुस्त मजकूर वाचला. ‘ठराव १२ विरुद्ध ९ मतांनी, बहुमताने मंजूर. एक सदस्य तटस्थ.’ काकूंनी चष्मा पुसत विचारलं, “आणि पाणी साठवायची अट?” तीही होती. गच्चीवर ते पाणी जूनच्या आधी चार दिवस साठवून झालं होतं. सातव्या मजल्यावर एका कोपऱ्यात ओल आली, ठेकेदाराने तो कोपरा पुन्हा केला, आणि मग त्याचा शेवटचा चेक निघाला.